किल्ली आपली, हक्कही आपलाच

लग्नसराई संपली की पाटल्या, तोडे पुन्हा बँकेच्या लॉकरमध्ये जातात आणि आपण बायका निर्धास्त होतो. पण लॉकरच्या करारात काय लिहिलंय, हे आपल्यापैकी कितीजणींनी वाचलंय? साहेबांनी बोट ठेवलं तिथे सही केली, झालं!

कोलकात्यातल्या एका ग्राहकाला हा भरवसा महागात पडला. त्याच्या आईने घेतलेला जुना लॉकर बँकेने भाडं थकल्याचं सांगून १९९४ मध्ये परस्पर फोडला. प्रत्यक्षात भाडं आधीच भरलेलं होतं! आत सात दागिने होते आणि हाती दोनच आले, असं त्याचं म्हणणं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला ५ लाख रुपये भरपाई आणि १ लाख रुपये खर्च देवविला. चूक करणारे अधिकारी अजून नोकरीत असतील, तर भरपाई त्यांच्या पगारातून कापा, असंही बजावलं. मात्र लॉकरमध्ये नेमकं काय होतं, हा वाद दिवाणी न्यायालयाकडेच राहिला.

याच निकालाने रिझर्व्ह बँकेला नियम करायला लावले. जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झालं, तर बँकेने वार्षिक भाड्याच्या शंभरपट रक्कम द्यायची. लॉकर फोडण्याआधी नोटीस हवी, फोडताना साक्षीदार हवेत, चित्रीकरण हवं. पूर, भूकंप यांची जबाबदारी मात्र बँकेवर नाही.

आता शंभरपट ऐकायला भरघोस वाटतं. पण हिशेब करून बघा. भाडं २ हजार असेल, तर मिळणार २ लाख. सोन्याचा तोळा २०२५ मध्येच लाखापलीकडे गेला. म्हणजे आयुष्यभराच्या स्त्रीधनाच्या बदल्यात दोन तोळेसुद्धा नाहीत! भरपाई भाड्यावर ठरवायची, हे मला तरी पटत नाही. लहान लॉकर म्हणजे नुकसानही लहान, असं थोडंच असतं? ही मर्यादा वाढायलाच हवी.

तोवर काय करायचं? आपली बाजू कागदावर पक्की करायची. लॉकर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर असेल, तर आपलं नाव घालून घ्या. कराराची प्रत मागा. दागिन्यांचे फोटो, सोनाराच्या पावत्या घरी जपून ठेवा. लॉकर उघडला की त्याच दिवशी मोबाइलवर निरोप यायला हवा. त्यासाठी बँकेत स्वतःचा नंबर द्या, मुलाचा नव्हे. काही कमी-जास्त आढळलं, तर त्याच दिवशी लेखी तक्रार करून पोच घ्या, कारण कॅमेऱ्याचं चित्रण बँकेने किमान १८० दिवसच ठेवायचं असतं. पोलिसांतही कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे.

"कशाला बँकेशी वाकडं घ्यायचं?" असं घरातलंच कुणीतरी म्हणेल. म्हणू दे. भाडं आपण वेळेवर भरतो ना? मग भरपाई मागणं म्हणजे भांडण नव्हे. ती बँकेची देणी आहेत, मेहेरबानी नाही.