तेरच्या वाटेने पाँपेईला

परदेशप्रवास ही आता मोजक्या धनिकांची मिरासदारी राहिलेली नाही. सोलापूरसारख्या शहरातील शिक्षक, कारकून आणि सेवानिवृत्त गृहस्थही सहल कंपन्यांच्या जथ्याबरोबर युरोप पाहून येतात. याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु थोड्या दिवसांत अनेक देश ओलांडणाऱ्या या सहलींत पोहोचणे अधिक आणि पाहणे कमी होते, हेही नाकारता येणार नाही. ज्यांना प्रकृती व परिस्थिती अनुकूल आहे त्यांनी स्वतः आखलेला, एकाच प्रदेशापुरता प्रवास करावा आणि त्याची पूर्वतयारी घराजवळच करावी, असे सुचवावेसे वाटते.

उदाहरण इटलीचे घेऊ. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पाँपेई नगरी राखेखाली गाडली गेली. तेथील एका घरात १९३८ साली सुमारे वीतभर उंचीची, हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले. ती यक्षी असावी, असे मत पुढे मांडले गेले. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात दोन ठिकाणी मिळाल्या. एक जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि दुसरे धाराशिव जिल्ह्यातील तेर. सोलापूरहून सकाळी निघून तेर पाहून संध्याकाळी घरी परतता येते.

तेर आपल्याला ठाऊक आहे ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून. प्राचीन तगर ते हेच, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील फार मोठे नगर म्हटले आहे. तेथून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांतून, बिकट वाटांनी, भडोच बंदराला जात असे. तगरच्या कापडाचा आणि सोलापूरच्या मागांचा थेट वारसा सांगणे धाडसाचे होईल. तरीही ज्या शहराचे टॉवेल आज परदेशी जातात, तेथील वाचकाला ही नोंद परकी वाटू नये.

पाँपेईची ती मूर्ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. नेपल्स हे काप्री आणि सिसिलीकडे जाणाऱ्या बोटींनी गजबजलेले बंदर असून तेथून लोकल गाडीने तासाभराच्या आत पाँपेईच्या अवशेषांपाशी उतरता येते. या दोन स्थळांना मिळून चार दिवस द्यावेत. जथ्याच्या वेळापत्रकात इतकी सवड मिळणे कठीण.

भाषा, भोजन आणि व्हिसा यांची भीती घातली जाते. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु बँकेचा उतारा, रजामंजुरीचे पत्र, निवासाचे आरक्षण, तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा ही कागदपत्रे जमवणे, ज्याचे आयुष्य फायलींत गेले त्याला अशक्य का वाटावे? वृद्धांनी किंवा प्रकृती नाजूक असलेल्यांनी जथ्याचा आधार घेण्यातही काही कमीपणा नाही.

खर्चाचा प्रश्न मात्र खरा आहे. बहुसंख्य वाचकांना इटली गाठता येणार नाही. म्हणूनच तेरचे महत्त्व अधिक. या गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी प्राचीन वस्तू निष्ठेने जमवल्या आणि त्यांच्या संग्रहातून गावातच वस्तुसंग्रहालय उभे राहिले. मणी, मृण्मूर्ती, हस्तिदंती वस्तू पाहून त्रिविक्रम मंदिरापाशी जावे. मुळात बौद्ध चैत्यगृह असलेली ती विटांची वास्तू अजून उभी आहे. हे सारे पाहण्यास एस. टी.चे तिकीट पुरे.

आपल्या शाळांच्या सहली मात्र ठरलेल्या स्थळांचीच वाट धरतात. इतिहासाच्या शिक्षकांनी निदान एक सहल तेरला न्यावी. तेथे गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी एखादा पुढे स्वतःच्या कमाईवर नेपल्सला गेला, तर त्या हस्तिदंती मूर्तीसमोर तो निव्वळ परका प्रवासी म्हणून उभा राहणार नाही.