रेंज कोणाची?

शनिवारी चिंचवडच्या एका शोरूममध्ये इलेक्ट्रिक स्कूटर बघायला गेलो. "सर, रेंज एआरएआय सर्टिफाइड!" अहो, तो आकडा रोलरवरच्या चाचणीतला. मोशी-चाकणच्या ट्रॅफिकमध्ये, मागे बायको बसवून कोणी काढलाय? बॅटरी किती किलोवॉट-अवरची विचारलं, तर साहेब ब्रोशर चाळायला लागले. चार्जरचे पैसे वेगळे का, यावर नुसतं हसू. असेच वेगळे लावलेले पैसे २०२३ मध्ये ओला, एथर, टीव्हीएस, हीरो यांना अनुदानाच्या नियमापायी ग्राहकांना परत करावे लागले, हे त्यांच्या गावीही नाही! आणि आपण मंडळी? कोड रिव्ह्यूत एक सेमीकोलन सोडत नाही, इथे मात्र रंग बघून लाखभराचा चेक फाडतो. मी चाकणपर्यंत टेस्ट राइड मागितली. "सर, फक्त चौकापर्यंत." ॲडव्हान्स खिशात ठेवून घरी आलो.