पोटखराब्याचा नकाशा

रत्नागिरी जिल्ह्यातील सडा ज्याने केवळ कागदावर पाहिला, त्याला तो ओसाड दिसावा यात नवल नाही. महसुली दप्तरात या जांभ्या कातळाच्या वाट्याला पुष्कळ ठिकाणी एकच शब्द आला आहे, तो म्हणजे पोटखराबा. जेथे नांगर चालत नाही आणि म्हणून सारा आकारता येत नाही, ती जमीन खराब, असा हा इंग्रज अमदानीतील मोजणीचा हिशेब. मोजणीदाराची साखळी सरकारी तिजोरीसाठी फिरत होती. साऱ्यापलीकडचे काही तिला दिसावे अशी अपेक्षाच नव्हती. इंग्रज गेले, 1949 च्या कायद्याने खोतीही गेली. हा शब्द मात्र सातबाऱ्यावर ठाण मांडून बसला आहे. पुढे उपग्रहाच्या साहाय्याने देशातील पडीक जमिनींचे नकाशे तयार झाले व 2000 साली प्रसिद्ध झाले. त्यांतही उजाड खडकाळ जमिनीचा रकाना आहेच.

सड्यावर गुरे घेऊन हिंडणाऱ्याचे ज्ञान निराळे आहे. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ते पाणी जांभ्याच्या छिद्रांतून व भेगांतून मुरते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वाडीची विहीर आणि खालची पोफळीची बाग त्यावर जगतात. पावसाळ्यात डबक्यांच्या कडेने सीतेची आसवे फुलतात. खोलगट जागी साचलेल्या मातीत भात होतो, पुढे गवत कापून गुरांची बेगमी होते. हे सारे म्हणे खराब्याचे उत्पन्न!

त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसाने हत्ती, मासे व मनुष्याकृती कोरल्या. संशोधकांना यांतील कित्येक चित्रांचा पत्ता गावकऱ्यांनीच दिला. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातील ही कातळशिल्पे आली. त्यांत राजापूर तालुक्यातील बारसूचेही नाव आहे आणि नेमका तोच सडा तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी सुचविला गेला! 2023 च्या एप्रिलमध्ये माती-परीक्षणासाठी यंत्रणा आली, तेव्हा गावच्या स्त्रिया रस्त्यावर आडव्या पडल्या. त्यापूर्वी जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी माडबनची जमीन घेतानाही ती बहुतांशी नापीक असल्याचेच सांगण्यात आले होते.

रोजगारासाठी कोकणचा तरुण मुंबईची वाट धरतो, हे खरे आहे आणि त्याची भूक नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि प्रकल्प हवा की नको, याचा निवाडा होण्यापूर्वीच जमिनीला निरुपयोगी ठरवून टाकणे हा निवाडा नव्हे. तेथे गावकऱ्याची साक्ष घेतलीच जात नाही. नुकसानभरपाईचा दरही मग त्याच शब्दावरून ठरू लागतो.

2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. अनेक ठिकाणी ती कोणा एजन्सीकडून लिहून घेऊन कपाटात पडते. कार्यकर्त्यांनी ती बाहेर काढावी; झरे, चराई, गवताच्या जागा, पाणवठे व कातळशिल्पे गावकऱ्यांबरोबर चालत जाऊन गावनकाशावर दाखवावीत आणि तो नकाशा ग्रामसभेच्या ठरावाने जिल्हाधिकाऱ्यांकडे सादर करावा. हे काम श्रावण-भाद्रपदात झाले पाहिजे. मे महिन्यात सडा मोजावयास जाणाऱ्याला पुन्हा कातळच दिसेल.