मॉरिशसची देवळे आणि पुण्याचे प्रवासी

सुटीचे दिवस जवळ आले, की पुण्यातील प्रवास-कंपन्यांच्या जाहिरातींत मॉरिशसचा निळा समुद्र झळकू लागतो. आणि ज्या बेटावर गणेशचतुर्थीनिमित्त सार्वजनिक सुटी असते, त्या बेटावर जाऊन आपली मंडळी शामारेलची सप्तरंगी माती पाहून, गंगातलावाकाठच्या १०८ फुटी मंगल महादेवापुढे घाईघाईने छायाचित्रे काढून परत येतात, ही गोष्ट मला खेदाची वाटते.

तेथील देवळे कोणी उभारली, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांचे दर्शन पुरे होत नाही. गुलामगिरी संपुष्टात येऊ लागताच उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले, आणि १८३४ पासून कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसे करारनाम्यावर अंगठा उठवून त्या बेटावर उतरली. त्यांत रत्नागिरीकडील आमचे कोकणी बांधवही होते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्याच्या दगडी पायऱ्या चढून ते गेले, तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या आगमनाचे दप्तर जपलेले असून त्यातील नोंदवह्यांत मजुराचे नाव, क्रमांक, गाव, जात आणि पुढील काळात त्याचे छायाचित्रही आढळते. मळ्यावरची हजेरी संपल्यावर, मुकादमाच्या धाकातून उरलेल्या वेळात आणि तुटपुंज्या मजुरीतून, या माणसांनी प्रथम एखादा पार किंवा गवताने शाकारलेले देऊळ उभे केले. जेथे नाव जाऊन क्रमांक चिकटला होता, तेथे माणसाला माणसाच्या नावाने हाक मारणारे स्थळ तेवढेच होते.

१८९८ साली त्रिओलेहून एका पुरोहिताच्या पुढाकाराने यात्रेकरूंची पहिली तुकडी पायी गंगातलावावर गेली. १९७२ मध्ये गोमुखाचे जल त्यात मिसळण्यात आले. आज महाशिवरात्रीला पांढऱ्या वेषातील लक्षावधी लोक सजविलेल्या कावडी खांद्यावर घेऊन रात्रंदिवस चालत येतात आणि वाटेवरील गावकरी त्यांना चहा-फराळ देतात. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात येतात तेव्हा वारकऱ्यांसाठी दारे उघडणाऱ्या पुणेकराला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही.

मराठी गणपतीची गोष्ट याहून जिव्हाळ्याची. १८९६ साली हेन्रिएटा गावी बेटावरील पहिला गणेशोत्सव झाला, असे तेथील मंडळी सांगतात. म्हणजे पुण्यात लोकमान्यांच्या प्रेरणेने उत्सव सार्वजनिक होत होता, त्याच दशकात. तथापि तो पुण्याचे अनुकरण नसून कोकणातील घरगुती गणपतीचीच परंपरा असावी, असे माझे मत आहे. विसर्जनाला निघालेल्या मूर्तीपुढे ढोलकी आणि टाळांच्या ठेक्यावर झाकरी नाचतात, ती कोकणच्या जाखडीचीच बहीण. घरी क्रिओल बोलणारी मुलेही तिची मराठी पदे तोंडपाठ म्हणतात. अशा वेळी त्यांच्या उच्चारांत दोष काढणारा पुणेकर पाहुणा आपल्याच भाषेचा अपमान करतो, असे मी स्पष्टपणे म्हणेन. शाळा, पुस्तके, वृत्तपत्रे यांचा आधार असूनही आपण घरात मराठी टिकवण्यात कुचराई करतो. त्यांनी ती फारसा आधार नसताना पिढ्यान्पिढ्या सांभाळली.

म्हणून प्रवास-कंपन्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की मॉरिशसच्या कार्यक्रमात जलक्रीडेचा एक प्रहर कमी करून आप्रवासी घाटासाठी सकाळ, आणि कास्काव्हेलच्या परिसरातील मराठी वस्तीच्या देवळासाठी सायंकाळ राखून ठेवावी. तेथील मराठी मंडळींना आगाऊ पत्र धाडून आरतीची वेळ विचारून घ्यावी. आणि प्रवाशांनी आरतीनंतर बसकडे न धावता प्रसाद घेऊन यजमानांपाशी बसावे, त्यांच्या पणजोबांचे गाव कोणते ते विचारावे, व ते गाव रत्नागिरी जिल्ह्यातील निघाल्यास परतल्यावर तेथील ग्रामपंचायतीला तसे कळवावे.