विश्लेषण : बीव्हर पकडायला सापळा कोणता, आणि तो पाण्यात रोवायचा कसा? दोन देशांची मोहीम या प्रश्नावर का अडते?

फेब्रुवारी २०२५ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या आठ बीव्हरची बातमी जगभर फिरली. ब्रडी भागातल्या पाणथळ जागेसाठी बांध घालायची सरकारी योजना सात वर्षं कागदावर अडकली होती. बीव्हरनी ते बांध स्वतःच घालून टाकले आणि सरकारचे सुमारे ३ कोटी कोरुना वाचले. सोशल मीडियावर त्यांना थेट इंजिनिअरची पदवी मिळाली.

पण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला याच प्राण्याचा अमेरिकी चुलतभाऊ गुन्हेगार ठरलाय. दक्षिण अमेरिकेच्या शेवटच्या टोकावर, तिएर्रा देल फुएगो बेटावर, त्याला पूर्णपणे संपवायचं यावर अर्जेंटिना आणि चिली या दोन देशांचं २००८ मध्येच एकमत झालं. ते अजून जमलेलं नाही. पैसा, डोंगर, थंडी ही कारणं आहेतच. पण एक कारण अगदी साध्या वस्तूंपर्यंत येऊन थांबतं : सापळा, तार आणि मेख.

बीव्हर तिथे पोहोचला कसा?

१९४६ मध्ये अर्जेंटिना सरकारने कॅनडातून बीव्हर आणून तिएर्रा देल फुएगोमध्ये सोडले. संख्या साधारण २० सांगितली जाते. हेतू फरचा धंदा उभा करण्याचा होता. तो धंदा काही जमला नाही, बीव्हरचं मात्र जमलं. उत्तर अमेरिकेत त्याला लांडगे आणि अस्वलं खातात, इथे ते नव्हतेच. पुढे तो चिलीच्या हद्दीत गेला, सामुद्रधुनी ओलांडून मुख्य भूमीवरही पोहोचला. आज संख्येचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण बरेचसे लाखाच्या आसपास घुटमळतात.

खरी अडचण झाडांची आहे. उत्तर अमेरिकेतल्या विलो किंवा अॅस्पेनसारख्या झाडांना कापल्यावर पुन्हा धुमारे फुटतात. ती झाडं बीव्हरसोबतच वाढली आहेत. तिएर्रा देल फुएगोतल्या लेंगा जातीच्या झाडांना हे जमत नाही. बीव्हरने बांध घातला, पाणी साचलं की काठची झाडं उभ्या उभ्या मरतात आणि जंगल सहजासहजी परत येत नाही. चेकमध्ये जे काम वरदान ठरलं, तेच इथे नुकसान ठरतं.

सापळ्याचे प्रकार किती?

ढोबळमानाने चार.

पहिला, शरीर जखडणारा सापळा. दोन चौकोनी लोखंडी चौकटी आणि दोन जबर स्प्रिंग. प्राणी मधून पोहत गेला, ट्रिगरच्या तारांना धक्का लागला की चौकटी मान किंवा छातीवर आवळतात. कॅनडातले फासेपारधी फ्रँक कॉनिबेअर यांच्या नावाने हा ओळखला जातो आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो बाजारात आला. बीव्हरसाठी त्यातला ३३० क्रमांकाचा वापरतात, तोंड १० बाय १० इंच. कल्पना अशी की प्राणी लवकर मरावा.

दुसरा, पाय पकडणारा सापळा. पाण्यात तो लावतात तेव्हा काठापासून खोल पाण्यापर्यंत एक तार ताणतात. तारेवर एकाच दिशेने सरकणारी कडी असते. पाय अडकला की बीव्हर सवयीने खोल पाण्याकडे बुडी मारतो. कडी खाली सरकते, वर मात्र येत नाही. प्राणी बुडून मरतो.

तिसरा, पोलादी तारेचा फास. हलका, स्वस्त, पाठीवर डझनावारी नेता येतो.

चौथा, जिवंत पकडणारा सापळा. उघडलेल्या सुटकेससारखा, जाळीचा. प्राण्याचं डोकं पाण्यावर राहील अशा उथळ जागी ठेवतात. बीव्हरला दुसरीकडे हलवायचं असेल तर हाच. पण तो अवजड आणि महाग असतो, शिवाय वारंवार तपासावा लागतो.

मग मेखेला एवढं महत्त्व का?

कारण पाण्यात कुठलीच गोष्ट जागच्या जागी राहत नाही. प्रवाह सापळा कलंडवतो, गाळात मेख सैल होते, खडकाळ तळात ती शिरतच नाही. म्हणून तळ बघून साधन ठरतं. मऊ चिखल असेल तर लांब लोखंडी सळई. खडक असेल तर मेखेचा नाद सोडून काठच्या मुळाला किंवा मोठ्या दगडाला तारेने बांधणं.

३३० सापळ्याला दोन वेगळे आधार लागतात. तो ताठ उभा राहावा म्हणून बाजूला काठ्या रोवतात आणि साखळी स्वतंत्रपणे पक्की बांधतात. पहिला आधार नेम सांभाळतो, दुसरा प्राण्यासकट सापळा वाहून जाऊ देत नाही. या काठ्या वाळलेल्याच हव्यात. ओली, ताजी काठी रोवली तर बीव्हरच्या दृष्टीने ते जेवण आहे, तो ती कुरतडून नेऊ शकतो. सापळ्याच्या वर पाण्याच्या पातळीला एक आडवी काठी टाकतात, म्हणजे वरून पोहत येणारा बीव्हर तिच्याखाली बुडी मारतो आणि नेमका चौकटीत शिरतो. जागा निवडायची तीही त्याच्या रोजच्या वाटेवर : बिळाचं पाण्याखालचं तोंड, अरुंद चर, बांधावरून ओलांडायची जागा.

यातलं एक जरी चुकलं तर काय होतं? सापळा कलला तर तार मानेऐवजी कमरेवर किंवा पायावर बसते आणि प्राणी तडफडत राहतो. पाय पकडणाऱ्या सापळ्याची तार खोल पाण्यापर्यंत पोहोचली नाही तर तो उथळ पाण्यात जिवंत अडकून राहतो. आणि निसटला, तर पुढच्या वेळी सापळ्याजवळ फिरकत नाही. फरसाठी शिकार करणाऱ्याला एक बीव्हर सुटला तर फार बिघडत नाही. पण ज्यांना शेवटचा बीव्हर पकडायचा आहे, त्यांच्यासाठी शहाणा झालेला एक बीव्हर म्हणजे संपूर्ण नदी पुन्हा भरण्याची शक्यता.

तिएर्रा देल फुएगोमध्ये पेच कुठे आहे?

२०१६ मध्ये अर्जेंटिनाने निवडक खोऱ्यांत प्रायोगिक मोहीम सुरू केली. त्यासाठी जागतिक पर्यावरण निधीचं पाठबळ होतं आणि काम करणाऱ्यांना शिकारी न म्हणता ‘पुनर्स्थापक’ म्हटलं गेलं. शरीर जखडणारे सापळे आणि तारेचे फास ही मुख्य हत्यारं. मोजायचं होतं ते हेच, की एक खोरं पूर्ण रिकामं होतं का, आणि शेजारून बीव्हर किती लवकर परत येतात.

पण याच बेटांच्या पाण्यात हुइल्यीन नावाचं पाणमांजरही आहे आणि ते संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. बीव्हरच्या वाटेवरचा सापळा आत कोण शिरलं हे विचारत नाही. उत्तर अमेरिकेत यावर उपाय म्हणून ट्रिगरच्या तारा मधून काढून एका बाजूला सरकवतात. सडपातळ पाणमांजर निसटू शकतं, रुंद बीव्हर अडकतो. धोका कमी होतो, संपत नाही. आपल्याकडे रानडुकरांसाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकल्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग क्रूरतेचं काय?

युरोपीय संघाने १९९१ मध्ये पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर बंदी घालणारा नियम केला. पुढे कॅनडा आणि रशियासोबत सापळ्यांच्या मानकांचा करार झाला. त्यात बीव्हर आहे. मारणाऱ्या सापळ्याने चाचणीतले किमान ८० टक्के प्राणी ३०० सेकंदांत कायमचे बेशुद्ध व्हायला हवेत, अशी अट आहे. पाच मिनिटं ही ‘मानवी’ मर्यादा मानायची का, यावर प्राणीप्रेमी संघटनांचा आक्षेप आहे. बुडवण्याचा वाद त्याहून मोठा. बीव्हर पाण्याखाली १५ मिनिटांपर्यंत श्वास रोखू शकतो आणि अमेरिकी पशुवैद्यक संघटना बुडवून मारणं ही दयामरणाची स्वीकारार्ह पद्धत मानत नाही.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तर सापळ्याची निवड थेट मतपेटीत गेली. १९९६ मध्ये मतदारांनी शरीर जखडणाऱ्या सापळ्यांवर बंदी घातली. बीव्हर वाढले, तळघरांत, रस्त्यांवर, विहिरींत पाणी शिरल्याच्या तक्रारी वाढल्या. २००० मध्ये कायदा बदलला. आता लोकांच्या आरोग्याला किंवा सुरक्षेला धोका असेल, तर स्थानिक आरोग्य मंडळ १० दिवसांची आपत्कालीन परवानगी देऊ शकतं. बरीच गावं त्याऐवजी बांधातून पाइप टाकून पाण्याची पातळी आटोक्यात ठेवतात. बीव्हरही राहतो, रस्ताही.

पूर्ण निर्मूलन शक्य तरी आहे का?

एक जवळचं उदाहरण इंग्लंडचं आहे. तिथे फरसाठी आणलेला कॉयपू हा पाणउंदीर ईस्ट अँग्लियात पसरला होता. १९८१ मध्ये सुरू झालेली मोहीम १९८९ मध्ये यशस्वी ठरली. २४ सापळेकरी पूर्णवेळ नेमले होते आणि काम संपलं तर मोठा बोनस मिळेल असं ठरलं होतं, नाहीतर शेवटचा प्राणी पकडून कोण आपली नोकरी घालवेल? सापळे जिवंत पकडणारे होते, त्यातले बरेच तराफ्यांवर ठेवलेले. चुकून दुसरा प्राणी आला तर सोडून देता यायचा.

तिएर्रा देल फुएगोचं क्षेत्र कितीतरी मोठं आणि दुर्गम आहे, त्यामुळे तेच गणित तिथे जसंच्या तसं लागू होणार नाही. तराफ्यावरचे अवजड पिंजरे घेऊन त्या दऱ्या चढणं कठीण, आणि हलके फास पाणमांजर ओळखत नाहीत. म्हणून एकच सापळा सगळीकडे चालणार नाही. जिथे हुइल्यीनचा वावर आहे तिथे महागडं, वेळखाऊ साधन वापरावं लागेल, बाकी ठिकाणी वेगवान साधन चालेल. हा खर्च सरकारांना आधीच मान्य करावा लागेल. कारण निधी मध्येच आटला तर मारलेले बीव्हरही वाया जातात : उरलेले काही वर्षांत नदी भरून टाकतात, आणि त्यातल्या काहींना सापळा कसा दिसतो हे आता माहीत असतं.