जुन्या सिनेमाचा ‘खरा’ रंग ओळखायचा कसा?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या अजिंठ्याच्या चित्रांवर दिसणारा पिवळेपणा सगळाच मूळचा नाही. निजाम सरकारने १९२० साली बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर व्हार्निश दिलं आणि पुढे तेच पिवळं पडलं.

जुन्या रंगीत सिनेमांचंही असंच होतं. फिल्मचे रंग उडतात, प्रत लालसर होते. तिच्यावरून काढलेली सीडी लहानपणापासून पाहिली की तीच ‘ओरिजिनल’ वाटते. दुसरीकडे, नवी कॉपी उजळ असली म्हणजे ती अस्सल, असंही नाही.

मग ठरवायचं कसं?

श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) घ्या. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या मूळ निगेटिव्हच्या आधारे तो नव्याने तयार केला. या कामात सिनेमाचे छायालेखक गोविंद निहलानी सोबत होते. २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेनेगल गेले. रंग सांगू शकणारे साक्षीदार असे कमी होत चाललेत.

म्हणून दोन प्रश्न विचारा: कॉपी कशावरून काढली? रंग कुणी ठरवले?

आणि टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करून ‘सिनेमा’ मोड लावा. चेहरे नारिंगी दिसत असतील किंवा अंधारातलं काहीच दिसत नसेल, तर दोष कदाचित सिनेमाचा नसेलही.