सातपुड्याच्या पायथ्याशी काल्पनिक पर्वत

ज्या देशाची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, ज्याच्या शिवाराला मोजणीची साखळी कधी लागली नाही आणि ज्याचा शेतसारा कोणत्याही तहसिलीत जमा होत नाही, असा अवघा देश, त्यातील पर्वत, समुद्र आणि अरण्ये यांसह, घरबसल्या एका संध्याकाळी निर्माण करण्याची सोय चित्रसंपादनाच्या संगणकीय साधनांनी करून दिली आहे. 'फोटोशॉप'साठी पैसे मोजावे लागतात, परंतु 'गिम्प' फुकट मिळते. तेव्हा कादंबरीसाठी, खेळासाठी किंवा निव्वळ हौसेखातर असे नकाशे काढण्यास मुंबई-पुण्यातच राहिले पाहिजे असे नाही, सातपुड्याच्या पायथ्याच्या अकोटातही ते काढता येतात. हा छंद मला मुळीच पोरकट वाटत नाही. स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी १८८१ साली रंगविलेल्या एका बेटाच्या नकाशातून जन्मली, आणि टोल्किननेही आपली विस्तीर्ण कथा नकाशाच्या आधारानेच रचली. माझा आक्षेप छंदाला नसून, ज्या रीतीने ही भूमी आज घडविली जाते त्या रीतीला आहे.

ती रीत थोडक्यात अशी. कोऱ्या पटावर 'क्लाउड्स' ही आज्ञा दिली की करड्या छटांचे ढगाळ पटल उमटते. त्यातील पांढरे ते उंच आणि काळे ते सखल असे मानावयाचे, 'थ्रेशोल्ड' मागेपुढे सरकवून समुद्राची पातळी ठरवावयाची, 'बम्प मॅप'ने वायव्येकडून उजेड पाडून डोंगरांना सावल्या द्यावयाच्या, उंचीच्या मानाने हिरवा, पिवळा, तपकिरी असे रंग चढवावयाचे आणि निराळ्या लेयरवर नद्या, वने व किल्ले मांडावयाचे. ह्या जातीच्या ढगांचे गणित केन पर्लिन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केले. १९८२ च्या 'ट्रॉन' चित्रपटाच्या कामात संगणकी चित्रांचा गुळगुळीत यांत्रिकपणा त्यांना खटकला होता, आणि निसर्गातील खडबडीतपणा गणिताने आणता येईल काय, ह्या विचारातून ते गणित निघाले. त्यांच्या युक्तीला पुढे १९९७ साली ऑस्कर अकादमीचे तांत्रिक पारितोषिकही लाभले, आणि ते योग्यच होते.

परंतु ह्या गणिताला पाणी ठाऊक नाही. ढगाळ पटल सर्व दिशांनी सारखेच असते. त्याला उतार आहेत पण उतारांचा इतिहास नाही. खऱ्या भूमीवर नदी नंतर येऊन बसत नाही, ती भूमी कोरीत कोरीत आपली दरी स्वतः करते. येथे मात्र डोंगर आधी होतात आणि नद्या मागाहून कुंचल्याने ओढल्या जातात. त्यामुळे हौशी नकाशांत नदी डोंगर चढून जाते, एका समुद्रातून निघून दुसऱ्यास मिळते, किंवा मैदानाच्या मध्यभागी विनाकारण दुभंगते. आणि पाहणाऱ्यास नेमके काय चुकले हे सांगता आले नाही, तरी हा देश खोटा आहे हे कळतेच.

अकोटच्या माणसाला ह्याचा धडा घेण्यासाठी फार लांब जावयास नको. त्याने घराच्या गच्चीवरून उत्तरेकडे पाहावे. सपाट काळ्या जमिनीतून सातपुडा भिंतीसारखा एकाएकी उभा राहतो, कारण त्याच्या पायथ्याशी भूकवचाला पडलेला गाविलगडचा भ्रंश आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एका बाजूस उंच राहिले, दुसऱ्या बाजूस खचले, आणि त्या खळग्यात डोंगराचा गाळ साचून पूर्णेचे मैदान झाले. डोंगराच्या दक्षिण उतारावरचे पाणी शहानूर, वान अशा नद्यांनी पूर्णेस जाते. मेळघाटाच्या अंतर्भागात पडलेले पाणी सिपना, गडगा यांच्या वाटेने तापीस जाते. आणि डोंगराने एकमेकींपासून दूर ठेवलेल्या पूर्णा आणि तापी ह्या दोन नद्या जळगाव जिल्ह्यात चांगदेवापाशी एक होतात. अशी रचना करण्याचे धाडस कोणत्या ढगाळ पटलाने केले असते? पायथ्याच्या गोड्या पाण्यावर संत्री आणि केळी पिकतात, तर थोडे दक्षिणेस उतरले की विहिरीला खारे पाणी लागते आणि तो सारा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. उंची जवळपास तीच, परंतु शेतकऱ्याचे नशीब निराळे. उंचीनुसार रंग देणाऱ्या साधनाला हे दोन्ही हिरवेच दिसतील.

किल्ल्यांचेही तसेच. हौशी नकाशात किल्ला शोभेसाठी ज्या शिखरावर जागा रिकामी असेल तेथे बसविला जातो. नरनाळा मात्र मैदानातून डोंगरात शिरणाऱ्या वाटांवर नजर ठेवून उभा आहे, म्हणूनच इमादशाहीच्या संस्थापकाला १४८७ च्या सुमारास तेथे महाकाली दरवाजासारखे काम करविण्याची गरज भासली, आणि म्हणूनच अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात नरनाळा हे एका सरकारचे ठाणे होते. पुढे अकोटहून खांडव्याकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीला हाच डोंगर चढताना धुळघाटापाशी स्वतःभोवती वेटोळे घालावे लागले. वाटा, ठाणी आणि रूळ भूमीच्या परवानगीनेच पडतात.

कोणी म्हणेल, कल्पनेच्या देशाला निसर्गाचे कायदे लावणे हा जुलूम आहे. पण आपल्या पुराणांतील भूगोलात क्षीरसागर व दधिसागर असूनही प्रत्येक द्वीप आधीच्याच्या दुप्पट असते. तेथेही नियम आहे, फक्त तो निराळा आहे. टोल्किनच्या नकाशातील काटकोनात वळणाऱ्या पर्वतरांगांना भूगर्भशास्त्राचे जाणकार नावे ठेवतात, आणि तरी ती कथा टिकली, हेही खरे. मात्र टोल्किनच्या कथेचे सामर्थ्य अंगी येईपर्यंत नवशिक्याने ती सवलत मागू नये, हे बरे.

वायव्येकडून उजेड पाडण्याचा संकेत तरी डोळसपणे पाळावा. दक्षिणेकडून उजेड दाखविला तर डोळ्याला दऱ्या डोंगरांसारख्या भासतात, म्हणून नकाशाकारांनी तो ठरविला. परंतु त्याचा परिणाम असा की अकोटातून हिवाळाभर उन्हात न्हालेला दिसणारा सातपुड्याचा दक्षिण कडा नकाशात नेहमी अंधारात पडतो.

माझी सूचना साधी आहे. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' ह्या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने टिपलेल्या पृथ्वीच्या उंचीच्या नोंदी आता कोणालाही फुकट मिळतात, आणि 'इस्रो'च्या कार्टोसॅट उपग्रहाच्या नोंदी 'भुवन' संकेतस्थळावर आहेत. त्यांतील अकोट तालुक्याचा तुकडा घ्यावा, त्यावर त्याच सावल्या आणि तेच रंग चढवावेत, शहानूरची वाट बोटाने पूर्णेपर्यंत न्यावी, आणि मगच स्वतःचा देश रचावयास बसावे. अकोटच्या शाळांतील भूगोलाच्या शिक्षकांनी ह्यासाठी वर्षातून दोन तासिका द्याव्यात. जेथे शाळेत संगणक आहे, तेथे ह्याला एक पैसाही खर्च येणार नाही.